करंजाचा साक्षीदार

पोरबंदर, बर्फ फॅक्टरीचा ओटा
८ सप्टेंबर २०२४

भावनाताईस जिवल्याचा रामराम.

तुझं पत्र मुनीमाकडं चार दिवस पडून होतं. आमी काल दर्यातून आलो. मुनीम लांबूनच ओरडला, "ए पालघर, तेरा लव्ह लेटर आया!" सगळे खलाशी जमा झाले. मी म्हटलं, बहिणीचं हाय रे, काकाची पोरगी, एमएस्सी झालेली. कोण ऐकतो? एकानं पाकीट हुंगून पण बघितलं.

फोन का लागत नाय म्हणून चिडलीस. फोन दर्यात हाय. जाळं ओढताना खिशातून सटकला, मी बघत राहिलो. नवीन घेईन, घाई नाय. तसं पण किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज नसते.

ताई, बोट तीस पावलांची हाय. मी मोजली. या टोकाकडून त्या टोकाकडं जातो, परत येतो. तांडेल, बोटीचा म्होरक्या, म्हणतो, "तू बस एका जागी, तुझ्यामुळं बोट डुलते." वीटभट्टी झाली, बोईसरला कंपनीत पिंपं धुवून झाली, मनोरचा ढाबा झाला, वापी झालं. प्रत्येक ठिकाणाहून मी स्वतः निघालो. इथून निघायचं म्हटलं तर चारी बाजूंनी पाणी. म्हणून पत्र लिहायला बरं वाटतंय. आठवी सोडल्यापासून एवढं लिहिलं नाय.

आता तुझं काम. तू विचारतेस, हाडमोड्या तापाला, म्हणजे तुमच्या डेंग्यूला, माझा बाबा कोणतं झाड देतो. तू आपल्या पाड्यावर गेलीस, त्याला विचारलंस, तर म्हणाला, "जिवल्याला विचार, त्याला दिलंय." खरं हाय ते. झाडाचं नाव मला दिलंय. तुझ्या कॉलेजातल्या वैभवी मॅडमला लेखी पाहिजे, कुणी सांगितलं, कोणतं झाड, कुणी डोळ्यांनी बघितलं. तर घे लेखी.

करंज. ओढ्याकाठचा. सालीचा काढा. मी, जिवल्या, वय तेवीस, बाबाबरोबर राहून या काढ्यानं तीन माणसं बरी होताना बघितलीत.

खाली सही केलीय. पुस्तकात पाड्याचं नाव घाल. माझं पण घाल, लहान अक्षरात चालेल.

तुझा
जिवल्या

●

बोईसर
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय जिवल्या,

तुझं पत्र मॅडमना दाखवलं. त्यांनी तुझी सही दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "असा माणूस मिळायला नशीब लागतं." फुगू नकोस.

मी काय करते ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते. डेंग्यूच्या विषाणूला वाढायला एक कात्री लागते. तो स्वतःचे लांब धागे त्या कात्रीनं कापतो, तेव्हाच त्याची पिलावळ तयार होते. कात्रीच्या पात्यांमध्ये काहीतरी अडकवून ठेवलं तर ती मिटणार नाही. झाडांमध्ये हजारो पदार्थ असतात आणि कोणत्या झाडात काय आहे, हे बरंचसं आधीच नोंदलेलं आहे. मी त्या पदार्थांचे आकार कॉम्प्युटरमध्ये घालते. तो एकेक तुकडा त्या कात्रीत सगळ्या बाजूंनी बसवून बघतो आणि किती घट्ट बसला त्याचा आकडा देतो. मी झाड तोडत नाही, उकळत नाही, कुणाला पाजत नाही. खुर्चीत बसते आणि मशीन रात्रंदिवस चालतं.

तीनशे बारा पदार्थ घातले. करंजातला एक चौथा आला. चौथा, जिवल्या! मॅडमनी यादीवर लाल पेनानं गोल केला. २६ ऑक्टोबरला मुंबईत परिषद आहे, तिथं मी हे मांडणार. वरचे तीन पदार्थही चांगले आहेत, पण त्यांच्यामागे कुणी माणूस नाही. करंजामागे तू आहेस. "मासवणजवळच्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापर, प्रत्यक्षदर्शी साक्ष," असं वाक्य घातलंय.

एवढं लक्षात ठेव, हा फक्त अंदाज आहे. कॉम्प्युटरमध्ये बसलेला तुकडा माणसाच्या पोटात जाऊन काय करेल ते ठाऊक नाही. त्याच्या पुढं प्रयोगशाळा, मग प्राणी, मग माणसं. बहुतेक तुकडे वाटेतच गळतात.

रविवारी पाड्यावर जाऊन काकांना, तुझ्या बाबांना, सांगितलं की, कॉम्प्युटरनं करंज पास केला. ते किती हसले! हसता हसता खोकला आला. म्हणाले, "जिवल्यानं सांगलं ना? मग झालं." तुझा अभिमान वाटला असणार. मंदाकाकू विचारत होती, दिवाळीला येतोस का.

माझी खोली छान आहे. मालकीणबाई मैनाबाई जालन्याच्या. यजमान चंद्रभान इथल्या कंपनीत बॉयलरवर असतात. संध्याकाळी टेबलावरचे कागद उलटेपालटे करून विचारतात, "बाई, सापडलं का औषध?"

खाली माझा नंबर देते आहे. मुनीमाच्या फोनवरून कर.

तुझी ताई
भावना

●

पोरबंदर
१ ऑक्टोबर २०२४

ताई,

काल आलो, आज बर्फ भरून परत जायचंय. वीस दिवस. म्हणून भराभर लिहितो, अक्षर बघू नको.

कात्रीचं समजलं. आपल्याकडं मुरबे गावच्या कोळिणी खेकडा विकताना नांग्या दोरीनं बांधतात, तसंच ना? खेकडा जिवंत, पण चावत नाय. तू दोरी शोधतेस. बरोबर?

एक विचारायचं होतं. बाबा हसला ते कसा हसला? दात दाखवून, का खाली बघून? तू गेल्यावर पण हसत होता का? आईला विचार.

आणि ते मशीन. ते कधी नाय म्हणतं का? म्हणजे एखाद्यानं भलतंच झाड सांगितलं तर ते म्हणतं का, जा बाबा, परत विचारून ये?

तू बाबाला परत एकदा का विचारत नाय? माझं लिहिलेलं बाजूला ठेव. परत जा, नुसती बस, आणि विचार. बाबा एका वेळी सांगणारा माणूस नाय. ते मुंबईचं २६ तारखेचं पुढं ढकलता येत नाय का?

फोन कर म्हणतेस, पण मुनीमाचा फोन मागितला की दहा जण कान लावून उभे राहतात.

काल रात्री पाळी नसून पण झोपलो नाय. कशामुळं ते विचारू नको. तांडेल हाका मारतोय. दिवाळीचं बघतो.

जिवल्या

●

बोईसर
१० ऑक्टोबर २०२४

जिवल्या,

हे पत्र तुला कधी मिळेल कुणास ठाऊक. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

चंद्रभानकाका दवाखान्यात आहेत. गेल्या आठवड्यात ताप आला, अंग मोडून आलं, डोळ्यांमागे ठणका. इथं चाळीत तीन घरांत डेंग्यू आहे. मी मैनाबाईंना म्हटलं, रक्त तपासून घ्या. त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना त्यांनी माझ्या टेबलावरची यादी पाहिली. लाल गोल. इंग्रजी त्यांना येत नाही, पण मी शेजारी मराठीत "करंज" लिहिलं होतं.

संध्याकाळी मला विचारलं, "बाई, हे तुमच्याकडं देतात का तापाला? खरं सांग."

मी म्हटलं, "देतात. माझ्या भावानं डोळ्यांनी बघितलंय." तुझं पत्र तिथंच होतं, ते वाचूनही दाखवलं. किती ताठ मानेनं दाखवलं! त्या का विचारत आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

रेल्वेच्या पलीकडून त्यांनी साल आणली. दोन दिवस, दिवसातून तीनदा. त्यांना वाटलं, आता दवाखान्याची गरज नाही. काकांना उलट्या सुरू झाल्या, पोटात काही ठरेना, पाणीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा मला हाक मारली. डॉक्टर खूप बोलले. म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर सलाईनवर भागलं असतं. आता पेशी चढवताहेत. मूत्रपिंडावर ताण आलाय.

मैनाबाई माझ्याकडं बघत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत विचार म्हणून लिहितोस. काय विचारू? तू लिहून दिलंस, तुझ्या बाबांनी मान्य केलं, कॉम्प्युटर चौथा म्हणाला. चूक माझी आहे. मी कागद उघडा टाकला. मुंबईला जायचं मन नाही, पण मॅडम म्हणतात, नाव छापून झालंय.

भावना

●

पोरबंदर
२४ ऑक्टोबर २०२४

ताई,

आज सकाळी आलो. तुझं पत्र ओट्यावर उभ्यानं वाचलं. मग जेट्टीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो.

मुनीमाचा फोन मागून दोनदा लावला. पहिल्यांदा बिझी. दुसऱ्यांदा तू उचललास. "हॅलो, कोण? कोण बोलतंय?" मी ठेवून दिला. तोंडानं सांगवलं नाय. लिहून सांगतो.

चूक तुझी नाय. मी तीन माणसं बघितली नाय. एक पण नाय.

मी चौदा वर्षांचा होतो. आश्रमशाळेतून पळून आलो होतो. बाबा म्हणाला, शाळा नको तर माझ्यासोबत राना-वनात ये. पहिल्या दिवशी ओढ्यावर करंज दाखवला, म्हणाला, "हाडमोड्याला हा." मी म्हटलं, कळलं. दुसऱ्या दिवशी परत त्याच ओढ्यावर. तिसऱ्या दिवशी परत तिथंच, काय बोलला नाय, नुसता बसवून ठेवला. माझे पाय शिवशिवत होते. चौथ्या दिवशी मी वीटभट्टीच्या टेम्पोत बसून गेलो. एवढंच माझं शिक्षण. ते पण मी सगळीकडं सांगत फिरलो, बाबानं मला दिलंय म्हणून. ढाब्यावर सांगितलं, वापीला सांगितलं, इथं बोटीवर पण सांगितलं. माझ्याकडं सांगायला दुसरं काय होतं?

आता बाबाची रीत ऐक, जी तुला ठाऊक नाय, कारण तू तेव्हा होस्टेलला होतीस. कुणी झाड विचारायला आलं की बाबा पहिलं नाव खोटं सांगतो. माझा आजा पण तसंच करायचा. फुकट्या माणूस नाव घेऊन जातो, परत येत नाय. ज्याच्या घरात खरंच दुखणं हाय तो चार दिवसांनी परत येतो, म्हणतो, गुण आला नाय. तेव्हा बाबा त्याला आत बसवतो, त्याच्या घरी जातो, आजारी माणसाजवळ बसतो. मग खरं झाड. मनोरहून एक जण कॅमेरा घेऊन आला होता, त्याला बाबानं असंच कुठलंसं झाड सांगून वाटेला लावला. मी हसलो होतो त्याच्यावर.

पण मी पोरगा हाय, मला खोटं का सांगेल, असं मला वाटलं. तू लिहिलंस ना, बाबा खोकला येईपर्यंत हसला. तेव्हाच मला कळलं. तो अभिमान नव्हता, ताई. माझ्याजवळ पण पहिलंच नाव हाय. मी परत गेलो नाय, म्हणून दुसरं मिळालं नाय. नऊ वर्षं मी ते खोटं नाव खिशात घेऊन फिरतोय.

हे मला एक तारखेलाच कळलं होतं. ते पत्र काढून बघ. मी गोल गोल लिहिलंय. सरळ लिहिलं असतं तर ते चार-पाच तारखेला पोचलं असतं, मैनाबाईंनी तुला विचारायच्या आधी. ते मी दर्यात वीस दिवस जाळ्यासोबत ओढतोय असं समज. तेव्हा चंद्रभानकाकांचं ठाऊक नव्हतं, तरी ओढत होतो.

बाबाच्या रीतीत खोटं नाव घेऊन गेलेला माणूस दुखण्यामुळं परत येतो. तुझं मशीन आजारी पडत नाय. त्याला पहिलं नाव दिलं, ते घट्ट बसलं म्हणालं, आणि तू परत आली नायस. परत यायचं काम मीच करायला पायजे होतं.

काका जिवंत हायत का, ते कळव. पत्र तारेसारखं जात नाय हे ठाऊक हाय.

जिवल्या

●

बोईसर
४ नोव्हेंबर २०२४

जिवल्या,

चंद्रभानकाका जिवंत आहेत. सोळा दिवसांनी घरी आले. काठी धरून संडासला जातात.

तुझं पत्र दिवाळीच्या टपालात अडकून ३१ तारखेला मिळालं. मी २६ला मुंबईत बोलून आले. चौथ्या ओळीवर बोट ठेवून दोनशे माणसांसमोर म्हणाले की, माझ्या सख्ख्या चुलत भावानं हे पाहिलं आहे. टाळ्या पडल्या. २४ला गुजरातच्या नंबरवरून फोन आला होता, मी दोनदा "कोण" म्हणून विचारलं. तो तू होतास. एक वाक्य बोलायचं होतंस, जिवल्या. "बोलू नकोस" एवढंच. मी बोलले नसते.

दोन दिवस तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. मग मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आकडा खोटा नाही, भावना. कॉम्प्युटरला आपण तुकडा दिला, त्यानं घट्ट बसतो म्हणून सांगितलं, ते तसंच राहील. खोटा आहे तो साक्षीदार. तो आपण जोडला. कारण नुसत्या आकड्याकडं कुणी वळून बघत नाही." यादीतली ओळ राहिली, साक्षीचं वाक्य काढलं. परिषदेला चूक कळवली आहे, सहीनिशी. उत्तर आलेलं नाही. माझी पुढची संशोधनाची जागा त्यावर अवलंबून आहे.

मैनाबाईंना तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं. टेम्पोचंही. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "मी तरी डॉक्टरला कुठं विचारलं? लाल गोल दिसला, मला वाटलं सरकारी शिक्का हाये." मग जुडी खाली ठेवली. "पण त्या पोराला लिही, म्हणावं कागद पुरे झाले. इथं ये आन्‌ ह्यांच्या म्होरं उभा ऱ्हा."

मॅडमना तुझं नवीन लेखी निवेदन हवं आहे. काय पाहिलं नाही ते.

मला अजून राग आहे. तो जाईल असं लिहून देत नाही.

भावना

●

मासवणजवळ, आपला पाडा
२७ नोव्हेंबर २०२४

ताई,

तू मुंबईला मॅडमबरोबर गेलीस असं बोईसरला कळलं, म्हणून भेट झाली नाय. निवेदन वेगळ्या कागदावर जोडलंय. त्यात एकच गोष्ट हाय, मी काय बघितलं नाय. पाड्याचं नाव त्यात लिहिलं नाय, पाड्याचा काय दोष नाय.

बोट सोडली. तांडेल म्हणाला, मधेच जाणाऱ्याला परत घेत नाय. मी म्हटलं, नको घेऊ.

मैनाबाईंकडं गेलो. काका खाटेवर होते. माझ्या बापापेक्षा लहान हायत, पण आता मोठे दिसतात. मी दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, सगळं गेलं.

काका म्हणाले, "हाच का त्यो?"

मैनाबाई म्हणाल्या, "हाच."

"बस की खाली. किती हालायलास!"

बसलो. मग ते म्हणाले, "बॉयलरवर माणूस कमी होता. मला सुट्टी नको होती. दवाखान्यात गेलो असतो तर झोपवलं असतं, म्हणून मला पण काढा गोड लागला. मैनानं पाजला, पण मी मागून मागून पिलो." मला जरा हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात म्हणाले, "ह्याच्यानं तू सुटलास असं समजू नको."

"नाय समजत," मी म्हटलं.

मैनाबाईंनी ताट वाढलं. म्हणाल्या, "खा. मान वर करून खा, घास अडकल." खाल्लं. निघताना काकांना धरून अंगणात फेरी मारून आणली. चार फेऱ्या. पाचव्याला ते दमले. मंगळवारी परत येतो म्हटलं. गेलो पण. कालच्या मंगळवारी पण गेलो. काल सात फेऱ्या झाल्या.

पाड्यावर आलो तेव्हा बाबा अंगणात टोपली बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "किती दिस?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय."

त्याला मी सगळं सांगितलं, काकांच्या हिरड्यांतून रक्त आलं तिथपर्यंत. त्याचे हात थांबले. ताई, मी बाबाला घाबरलेला कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "मना वाटलं, मशीन हाय, मशीनला पण पयलंच नाव सांगलं पोरानं. म्हणून हसू आला. मना काय ठावं, कुणी पिणार." मग टोपली बाजूला ठेवून म्हणाला, "आपला पयला नाव खोटा असतो, पण आजवर कुणाला पोटात घ्यायला सांगला नव्हता, अंगाला चोळायला सांगायचो. मी तुला दाखवला, काढा कर म्हटला नाय. काढा तू घातलास."

ते खरं हाय. साल, काढा, सगळं मी घातलं. पत्रात नुसतं "करंज" लिहिलं तर उघडं वाटत होतं.

आता ऐक. गेल्या आठवड्यात पलीकडच्या पाड्यावरची एक बाई तापानं आली. बाबा तिला काय म्हणाला असेल? "आधी सरकारी दवाखान्यात रक्त दे, चिठ्ठी घेऊन ये, मग बघू." मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, करोनापासून. ती गेली, चिठ्ठीत डेंग्यू निघाला, दवाखान्यानं दोन दिवस ठेवून घेतली. बाबा रोज तिथं जाऊन व्हरांड्यात बसला. झाड दिलं नाय, काढा दिला नाय. नुसता बसला. ती पाणी किती प्यायली, लघवीला किती वेळा गेली, दुपारी ताप कधी उतरला, सगळं त्याच्या डोक्यात. मी पहिल्या दिवशी तासाभरात उठून तीनदा बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी एकदा. नर्सबाई ओळखायला लागलीय, म्हणते, "आज आलास का परत?"

काल मी बाबाला विचारलं. दुसऱ्यांदा, नऊ वर्षांनी. "हाडमोड्याला कोणतं?"

त्यानं नाव सांगितलं. करंज नाय. पटकन सांगितलं, टोपलीची गाठ मारता मारता.

ते नाव मी तुला लिहीत नाय. रागावू नको. खरं हाय का आणखी एक पहिलंच नाव हाय, हे मला ठाऊक नाय, आणि जे मी बघितलं नाय ते आता लिहायचं नाय. ते झाड कोण घेतं, कुणाला उतार पडतो, कुणाला पडत नाय, कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं, हे सगळं बघायला पावसाळे लागतील. नऊ जणांना बरं वाटलं आणि दहाव्याला नाय, तर दहावा पण लिहीन.

मॅडमला सांग, वेळ लागेल. तोपर्यंत त्या मशीनला दुसरी झाडं दे. मी इथंच हाय.

जिवल्या